फ्रान्सिस्कन पंथ, संप्रदाय की संघ?

धुळ्याहून एका वाचकाने विचारले आहे: लंडनच्या नॅशनल गॅलरीत 2023 साली असिसीच्या संत फ्रान्सिसवर प्रदर्शन भरले होते. त्याविषयीच्या एका मराठी लेखात 'फ्रान्सिस्कन पंथ', 'संप्रदाय' आणि 'संघ' असे तिन्ही शब्द आले. बरोबर कोणता? आणि फ्रान्सिसच्या या अनुयायांना इंग्रजीत 'ऑर्डर' म्हणतात, तसे इंग्रजीत लिहिताना वारकऱ्यांनाही 'ऑर्डर' म्हणायचे का?

'पंथ' इथे नकोच. रोमन कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांना आपण ख्रिस्ती धर्मातले पंथ म्हणतो. मग 'फ्रान्सिस्कन पंथ' वाचणाऱ्याला वाटणार, ही मंडळी कॅथलिकांतून फुटून निघाली. झाले होते उलटे. त्यांच्या नियमावलीला 1223 साली पोपनेच मंजुरी दिली. फ्रान्सिस 1226 साली वारले आणि 1228 मध्ये चर्चने त्यांना संत म्हणून जाहीरही केले.

ती लेखी नियमावली, आणि दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन ही तीन व्रते, यांवर 'ऑर्डर' उभी असते. म्हणून 'संघ' जवळचा. बौद्ध भिक्षुसंघालाही विनयाचे, म्हणजे भिक्षूंच्या आचाराचे, नियम आहेतच, आणि जेझुइट या दुसऱ्या कॅथलिक ऑर्डरच्या मंडळींना मराठीत येशूसंघीय म्हणतात. आमच्या जळगावात नुसते 'संघ' म्हटले तर आधी दूध संघ आठवतो, तेव्हा लेखात पहिल्यांदा 'व्रतस्थांचा संघ' लिहावे, पुढे 'फ्रान्सिस्कन संघ' पुरे.

'संप्रदाय' या शब्दात 'दा' धातू आहे, देणे. गुरूने शिष्याला दिले, त्याने पुढे दिले, ते संप्रदाय. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाच्या अखेरीस ज्ञानदेव आपली परंपरा सांगतात ती अशीच: आदिनाथ शंकर, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती. नियमावली नाही, मंजुरी नाही. आपल्याकडे तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवांचे देऊळ आहे. चांगदेवांच्या कोऱ्या पत्राला ज्ञानदेवांनी 65 ओव्यांचे उत्तर धाडले आणि पुढे या बुजुर्ग योग्याने गुरू केले ते लहानग्या मुक्ताईला, असे परंपरा सांगते. वय नाही, अधिकारपद नाही. ज्याच्याकडे आहे त्याने द्यायचे. अहिराणीत अजूनही पहिला प्रश्न 'तुना गुरू कोन शे?' हाच असतो, कोणत्या संस्थेचा हे कोणी विचारत नाही.

त्यामुळे वारकऱ्यांना 'ऑर्डर' म्हणणे मला पटत नाही. मुक्ताईनगरहून पालखीबरोबर पंढरीला निघणारा माळकरी प्रपंच सोडत नाही. पेरणी आटोपून निघतो, परत येऊन निंदणीला लागतो. फड आहेत, दिंड्या आहेत, त्यांची शिस्तही कडक आहे, पण सगळ्यांवर हुकूम चालवणारा एक प्रमुख नाही.

महानुभावांचे तसे नाही. भडगाव तालुक्यातल्या कनाशीला गेलेल्यांना ठाऊक असेल, तिथे संन्यास, भिक्षा, आचार सगळे काटेकोर. चक्रधरस्वामींची वचने 'सूत्रपाठ' या ग्रंथात बांधलेली आहेत, संन्यासी आणि गृहस्थ 'वासनिक' यांच्यात फरक आहे, आणि शाखांना 'आम्नाय' असा खास शब्द आहे: कवीश्वर आम्नाय, उपाध्ये आम्नाय. अभ्यासक अ‍ॅन फेल्डहाउस यांनी सूत्रपाठावरच्या 1983 च्या पुस्तकाच्या नावात 'सेक्ट', म्हणजे पंथ, हा शब्द वापरला. तुलनाच करायची तर माझ्या मते 'ऑर्डर'च्या जास्त जवळ हेच. तरी मराठीत मात्र 'महानुभाव पंथ'च लिहावे, कारण ते स्वतः तसे म्हणवतात. फैजपूरच्या सतपंथाच्या तर नावातच पंथ आहे. 'मानभाव' हे रूप टाळा. 'मानभावी' म्हणजे ढोंगी हा अर्थ त्याला चिकटला आहे आणि अनुयायांना तो बोचतो.

राहिले सूफी. बुऱ्हाणपूरला ज्यांचे नाव मिळाले ते बुऱ्हानुद्दीन गरीब चिश्ती या सूफी परंपरेतले होते. इंग्रजी पुस्तके 'चिश्ती ऑर्डर' लिहितात, पण मूळ शब्द 'सिलसिला', म्हणजे साखळी. तो मराठीला परका नाही, तसाच ठेवावा.