मंडळी म्हणजेच नवे इस्राएल का?

प्रश्न: देवाने इस्राएलचा मूळपुरुष अब्राहाम याला दिलेली अभिवचने आता मंडळीची, म्हणजे ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांच्या समुदायाची आहेत, असे काही शिक्षक सांगतात, इतरांच्या मते ती इस्राएल राष्ट्रासाठीच राखून ठेवलेली आहेत. शास्त्राला धरून काय?

उत्तर: 1646 च्या वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकारात (प्रॉटेस्टंट श्रद्धेच्या लेखी जाहीरनाम्यात) ज्याची मांडणी आढळते, त्या करारविषयक ईश्वरविज्ञानानुसार (देव व माणूस यांचे नाते करारांच्या आधारे समजावणाऱ्या विचारसरणीनुसार) कृपेचा करार, म्हणजे कृपेने तारण देण्याचा देवाचा करार, आरंभापासून एकच असून केवळ त्याची अंमलबजावणी बदलते, म्हणून देवाची प्रजाही एकच. याउलट, 19व्या शतकात जॉन नेल्सन डार्बी यांनी मांडलेला आणि 1909 च्या स्कोफील्ड संदर्भ बायबलमुळे दूरवर पसरलेला युगव्यवस्थावाद (देवाचे कार्य वेगवेगळ्या युगांत विभागून पाहणारे मत) मंडळीचा आरंभ पेन्टेकॉस्टपासून, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या दिवसापासून, मानतो व इस्राएलला स्वतंत्र ठेवतो. मत उशिरा मांडले गेले, एवढ्यावरून ते खोटे ठरत नाही (विरोधक हे सोयीस्करपणे विसरतात). खरी कसोटी नव्या करारातील प्रेषित पौलाच्या रोमकरांस पत्राच्या 11व्या अध्यायात लागते. तिथे जैतुनाचे झाड एकच आहे आणि रानटी फांद्या (यहूदी नसलेले विश्वासणारे) त्यातच कलम केल्या जातात, हे पहिल्या पक्षाला बळ देणारे आहे. पण तोडलेल्या मूळच्या फांद्या (विश्वास न ठेवलेले इस्राएली) पुन्हा जोडण्यास देव समर्थ आहे, असेही पौल लगेच बजावतो. त्यामुळे आमचा कल एकाच प्रजेकडे असला, तरी मंडळीने इस्राएलला बाजूला सारले, हा निष्कर्ष आम्हांला मान्य नाही.