बारकॅम्पला (येणारे लोकच टॉक देतात अशी मोकळी टेक परिषद) नाव नोंदवायचं तर टॉक द्यावाच लागतो का?
सक्ती कोणी करत नाही, पण नुसतं ऐकायलाच यायचं असेल तर जरा विचार करा, कारण मुळात 2005 च्या ऑगस्टमध्ये पालो अल्टोला पहिला बारकॅम्प झाला तोच ओरायली या टेक पुस्तकांच्या प्रकाशकाच्या फू कॅम्प नावाच्या मेळाव्याला उत्तर म्हणून, तिथे निमंत्रण असेल तरच एन्ट्री, इथे कोणीही या पण सोबत सांगण्यासारखं काहीतरी घेऊन या. (आणि बार म्हणजे दारूचा नाही, प्रोग्रामर उदाहरणांत वापरतात त्या 'फूबार' शब्दातला बार, घरी आधीच सांगून ठेवा 😀) फी सहसा नसते, चहा-जेवण स्पॉन्सरकडून, म्हणून यायचं रद्द झालं तर नाव काढा, नाहीतर जेवण वाया जातं.

फॉर्ममध्ये विषय विचारला तर भारी काही नको. मी 'गिटमध्ये केलेले घोळ' एवढंच लिहिलं होतं (गिट म्हणजे कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं टूल). सकाळी भिंतीवर खोल्या आणि वेळांचा तक्ता असतो, रिकाम्या चौकोनात आपली चिठ्ठी चिकटवायची, माझी पंख्याच्या वाऱ्याने दोनदा पडली, शेवटी सेलोटेप लावली. सात जण आले, त्यातले दोघं माझ्यापेक्षा जास्त बोलले, ते चालतं. बोअर झालं तर सरळ उठून दुसऱ्या खोलीत जा, कोणी वाईट वाटून घेत नाही.