लॅमिनेट फ्लोअरिंग कशाचं बनतं आणि ते रिसायकल होतं का?

हा प्रश्न चार वर्षांपूर्वी आमच्याच घरात मी विचारला होता, तेव्हा "तुला काय कळतंय त्यातलं" एवढंच उत्तर मिळालं होतं. म्हणून लिहितेय.

आमचा कोथरूडमधला फ्लॅट जुना, हॉलमध्ये मोझॅक, एकदम धडधाकट. पण भाऊजींनी, म्हणजे माझ्या दिरांनी, यांच्या डोक्यात भरवलं की लॅमिनेट टाका, "लाकूडच आहे ते, नकोसं झालं तर भंगारवाला हसत हसत नेईल." टाकलं, मोझॅकवरच, ८ एमएमचं.

लाकूड कसलं! सगळ्यात वर मेलामाइन रेझिन, म्हणजे प्लास्टिकसारखा कडक थर, त्यात अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड, त्यामुळे चरे सहज पडत नाहीत हे खरं. त्याखाली कागद. हो, लाकडाचा फोटो छापलेला कागद. एकदा पोहे निवडताना माझ्या लक्षात आलं की बाल्कनीजवळच्या पट्टीवर जी काळी गाठ आहे तीच टीव्हीखालीपण आहे, मग उठून मोजल्याच, हॉलभर तशा अकरा निघाल्या. त्याखाली एचडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू फॉर्मल्डिहाइडच्या रेझिनमध्ये गरम करून दाबलेले, आणि तळाला पट्टी वाकू नये म्हणून परत रेझिनचा कागद. १९७७ साली स्वीडनमध्ये हा शोध लागला, तिथे बाल्कनीतून हॉलमध्ये पाऊस येत नसावा.

आमच्याकडे येतो. दुसऱ्याच पावसाळ्यात दाराखालून पाणी आत आलं, मी लगेच पुसलं तरी सांध्यातून मुरलंच, आणि कडा चहात बुडवलेल्या खारीसारख्या फुगल्या. त्या परत बसत नाहीत, वाळवा नाहीतर इस्त्री फिरवा.

उपटल्यावर भंगारवाल्याला बोलावलं. त्याने एक पट्टी मोडून बघितली आणि म्हणाला, "ताई, हे प्लास्टिक पण नाही न् लाकूड पण नाही, कशात धरू?" तुमच्या प्रश्नाचं उत्तर हेच. हे रेझिन एकदा कडक झालं की परत वितळत नाही आणि तंतू त्यात चिकटलेले. दळून नवीन बोर्डात घालायचं तंत्र आहे, पण आपल्या गल्लीतून ते तिथवर नेणार कोण? शेवटी दीड हजार देऊन टेम्पोने घालवलं. वॉचमनने दोन पट्ट्या शेकोटीत टाकल्या तर डोळे चुरचुरायला लागले, तेव्हा जाळू तर अजिबात नका.

आता एवढं बोलले तरी बेडरूममध्ये, जिथे पाण्याचा संबंध नाही, तिथे चालतं. क्लिकवाल्या, म्हणजे एकमेकींत अडकवायच्या पट्ट्या चिकटवलेल्या नसतात, नीट काढल्या तर दुसरीकडे लागतात, आमच्या आतल्या बाजूच्या चांगल्या निघाल्या त्या मुलाच्या खोलीत गेल्या. रिसायकल म्हणायचं तर एवढंच.

खाली मोझॅक जसंच्या तसं होतं. पॉलिश करून घेतलं. दिवाळीला भाऊजी आले, चपला काढून हॉलमध्ये दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, "वहिनी, पायाला काय मस्त गार लागतंय हो, कुठली टाइल घेतली?"