रीस्किलिंगच्या यादीत नाव आलंय

"मॅडम, सरळ सांगा. रीस्किलिंग म्हणजे घरी पाठवायची तयारीच ना?"

चाकणच्या एका कारखान्यात गिअर कापायच्या हॉबिंग मशीनवर २२ वर्षं काढलेले हे गृहस्थ माझ्याकडे सल्ल्यासाठी आले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) रीस्किलिंगच्या यादीत नाव आल्याचा एचआरचा मेल इंग्रजीत होता. त्यातला 'स्किल गॅप' हा शब्द लेकीने मोबाइलवर शोधून सांगितला आणि त्या रात्रीपासून त्यांची झोप उडाली. गॅप म्हणजे आपल्यातच खोट, असं त्यांनी धरलं. त्यात शेजारच्या आयटीतल्या मुलाला 'पीआयपी' (काम सुधारायची लेखी ताकीद) लावून काढलं होतं.

मी आधी त्यांना शॉपमधल्या, म्हणजे कारखान्यातल्या त्यांच्या विभागातल्या, फळ्याबद्दल विचारलं. तो त्यांना माझ्यापेक्षा चांगला माहीत होता. स्किल मॅट्रिक्स. प्रत्येक कामगारापुढे, प्रत्येक कामासाठी एक वर्तुळ. पाव भरलं तर शिकतोय, अर्धं भरलं तर देखरेखीखाली करतो, पाऊण भरलं तर एकटा करतो, पूर्ण भरलं तर दुसऱ्याला शिकवतो. हॉबिंगपुढे यांचं वर्तुळ केव्हाच पूर्ण काळं झालेलं.

"आणि रोबो सेलपुढे, म्हणजे रोबो काम करतात त्या विभागापुढे?"

"रिकामं."

"मेलमधला गॅप तो. तुमच्यात नाही, त्या रकान्यात."

ते हसले नाहीत, पण खुर्चीत जरा मागे टेकून बसले.

मग पीआयपी. त्यात कामातली उणीव लिहिलेली असते, सुधारायला ३०, ६० किंवा ९० दिवसांसारखी मुदत असते. यांच्या मेलमध्ये तसं काही नव्हतं. अपस्किलिंग म्हणजे आहे त्याच कामात पुढचं शिकणं. रीस्किलिंग म्हणजे दुसऱ्याच कामासाठी तयार होणं. इथे मात्र मला गोड बोलता आलं नाही. विजेच्या गाडीला पेट्रोल गाडीसारखा पाच-सहा गिअरचा बॉक्स लागत नाही. गिअर शॉपचं काम कमी होणार ही त्यांची शंका खुळी नव्हतीच. यादीत नाव येणं धोक्याचं नसेलही, पण जुनं काम आटतंय याची ती खूण असू शकते. खोटा दिलासा दिला असता तर पुढच्या मेलला ते माझ्याकडे आले नसते.

 

डायरीच्या पानावर त्यांनी चार प्रश्न मराठीत लिहिले. कोणत्या लाइनवर जायचं? शिकताना पगार आणि ग्रेड तीच राहणार का? रात्रपाळी लागेल का? जमलं नाही तर पुढे काय? युनियनच्या प्रतिनिधीला बरोबर घेऊन ते एचआरकडे गेले.

आता रोबो सेलवर त्यांना शिकवणारा मुलगा त्यांच्या लेकीच्या वयाचा आहे. पहिला आठवडा जड गेला, "पोरासमोर चुकायची लाज वाटते" म्हणाले. झोप लागते, पण पहाटे चारला जाग येते.

चौथ्या प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही. ते लेखी मागा, असं मी परवाच्या भेटीतही सांगितलं.