नेपाळमध्ये एवढ्या लोकांना राजा परत हवा आहे, तर मतपेटीत ते का दिसत नाही?

तुमचा प्रश्न असा आहे की, मार्च २०२५ मध्ये माजी राजे ज्ञानेंद्र शाह पोखऱ्याहून काठमांडूला आले तेव्हा विमानतळाबाहेर हजारो माणसं "राजा आऊ, देश बचाऊ" म्हणत उभी होती. मग राजा परत आणू म्हणणाऱ्या राष्ट्रिय प्रजातन्त्र पार्टीला, म्हणजे राप्रपाला, २०२२ च्या निवडणुकीत २७५ जणांच्या प्रतिनिधी सभेत १४च जागा कशा? गर्दी भाड्याची होती की निवडणुकीत गडबड झाली?

दोन्ही नाही. गर्दी खरी होती आणि १४ हा आकडाही खराच आहे.

मी सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला. आमच्या भागातली पोरं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात भारतभर पांगली आहेत, त्यातली काही इकडेही आली. १९९९ साली चुलत्यांचं बोट धरून मी काठमांडूला आलो आणि इथलाच झालो. मला इथे मत नाही, पण सव्वीस वर्षं भट्टीसमोर बसून लोकांची बोलणी ऐकतो आहे. हे उत्तर जून २०२५ मध्ये लिहितो आहे, तेव्हा पुढे काही बदललं तर तेवढं समजून घ्या.

माझ्याकडे काठमांडूशेजारच्या पाटणचे एक शाक्य कारागीर येतात. वय साठीच्या पुढे, मी त्यांना दाइ म्हणतो, म्हणजे दादा. दर महिन्याला कामाच्या पाटाखालचा सोन्याचा कीस आणि झाडलोट पुडक्यात बांधून आणतात. मुशीत माल घातला की तो बाहेर पडेपर्यंत दाइ हलत नाहीत, कारण आपलं सोनं कोणी नजरेआड होऊ देत नाही. मग तासभर गप्पा. विषय एकच. रस्ते उखडलेत, पोरं कतारला चाललीत, तीनच नेते आलटून पालटून खुर्चीवर बसतात, राजा असता तर हे झालं नसतं. त्यांच्या दुकानात राजा वीरेंद्र आणि राणी ऐश्वर्या यांचा फोटो आहे, त्याला रोज ताजी सयपत्रीची माळ असते. सयपत्री म्हणजे आपला झेंडू.

२० नोव्हेंबर २०२२ ला मतदान झालं. दोन दिवसांनी दाइ आले, अंगठ्याच्या नखावर शाई. मी सहज म्हटलं, "दाइ, हलोलाच ना?" हलो म्हणजे नांगर, राप्रपाची निशाणी. दाइ म्हणाले, "भाइ, कागद दोन होते."

तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या एका वाक्यात आहे. नेपाळमध्ये प्रतिनिधी सभेसाठी मतदाराला दोन मतपत्रिका मिळतात, प्रांताच्या वेगळ्या. एकीवर आपल्या मतदारसंघातल्या उमेदवाराच्या निशाणीसमोर स्वस्तिकाचा छाप मारायचा. अशा थेट जागा १६५. दुसरीवर फक्त पक्षाला मत, आणि त्या प्रमाणात उरलेल्या ११० जागा वाटल्या जातात. याला इथे समानुपातिक म्हणतात.

दाइंनी पहिला छाप एका जुन्या पक्षाच्या माणसाला दिला. त्या पक्षाला ते वर्षभर शिव्या देतात. पण २०१५ च्या भूकंपात गल्लीत पहिली ताडपत्री त्या माणसाने आणली होती, आणि दाइंच्या आईच्या अंत्यसंस्काराला आर्यघाटावर तो रात्रभर थांबला होता. "त्याला कसं डावलू?" म्हणाले. दुसरा छाप नांगरावर. आणि त्यांच्या बावीस वर्षांच्या मुलाने दोन्ही कागदांवर घंटीसमोर छाप मारला, म्हणजे निवडणुकीच्या काही महिने आधीच निघालेल्या राष्ट्रिय स्वतन्त्र पार्टीला. एका घरातली चार मतं. त्यातलं राजाला एक.

हे एकाच घरापुरतं नाही, आकडे तेच सांगतात. २००८ साली राजेशाहीसाठी उघड उभा राहिलेला पक्ष कमल थापांचा राप्रपा-नेपाळ, जो पुढे राप्रपात मिसळला. त्यांना एक टक्का मतं आणि ४ जागा मिळाल्या, त्याही सगळ्या दुसऱ्या कागदावरच्या. २८ मे २००८ च्या रात्री संविधान सभेने ५६० विरुद्ध ४ मतांनी राजेशाही संपवली, ते चार जण हेच. पाच वर्षांनी, २०१३ च्या निवडणुकीत, याच पक्षाला गाय या निशाणीवर समानुपातिकमध्ये ६.६६ टक्के मतं पडली आणि २४ जागा मिळाल्या. थेट जागा शून्य. एवढ्या लोकांना पक्ष हवा होता आणि देशातल्या एकाही मतदारसंघात त्यांचा माणूस निवडून आला नाही. २०१७ मध्ये फाटाफुटीनंतर दोन टक्क्यांच्या आसपास मतं आणि एकच खासदार. २०२२ मध्ये पुन्हा साडेपाच टक्क्यांवर, ७ थेट आणि ७ समानुपातिक, मिळून १४.

म्हणजे गेल्या दहा-बारा वर्षांत राजासाठी पडणारं मत दोन ते सात टक्क्यांच्या मध्ये वर-खाली होत राहिलं आहे. देशात राग वाढला तितकं ते वाढलेलं नाही. राग घंटीकडे गेला. तो पक्ष पहिल्याच निवडणुकीत २० जागांवर पोहोचला. ज्यांच्या जन्मानंतर काही वर्षांतच राजेशाही संपली त्या पोरांना राजा हा पर्याय म्हणून डोळ्यासमोर येतच नाही. दाइंचा मुलगा बापाला दुखवत नाही, फोटोला माळ तोही घालतो. पण त्याला पासपोर्टच्या रांगेत दिवस घालवायचा नाही, आणि राजा आल्याने रांग कशी कमी होईल हे त्याला कोणी सांगितलेलं नाही.

आता थेट जागांपैकी सर्वात गाजलेली बघा, झापा-३. तिथून राजेंद्र लिङ्देन २०१७ मध्ये निवडून आले, पक्षाचे एकमेव खासदार म्हणून. हरवलं कोणाला, तर नेपाळी काँग्रेसच्या कृष्णप्रसाद सिटौलांना. २००८ साली राजवाडा रिकामा करून घेतला तेव्हा गृहमंत्री हेच सिटौला होते. ऐकताना वाटतं की जनतेने राजाचा हिशोब चुकता केला. पण ती जागा लिङ्देन यांच्यासाठी कम्युनिस्टांनी सोडली होती, आणि त्यांची मतं नसती तर निकाल वेगळा लागला असता. तिथल्या मतदाराने गणतंत्रवादी पक्षाच्या सांगण्यावरून राजावाद्याला मत दिलं. या मताला राजेशाहीचं मत म्हणायचं की आघाडीचं?

मला सर्वात जास्त वाईट वाटतं ते पक्षाच्या वागण्याचं. कमल थापा २०१५ मध्ये कम्युनिस्ट नेते ओली यांच्या सरकारात उपपंतप्रधान झाले. लिङ्देन जानेवारी २०२३ मध्ये उपपंतप्रधान आणि ऊर्जामंत्री झाले, तेही प्रचंड यांच्या सरकारात. ज्या माओवाद्यांनी राजेशाही उलथवायला १९९६ ते २००६ दहा वर्षं बंदूक चालवली, त्यांच्या नेत्याच्या मंत्रिमंडळात, गणतंत्राच्या संविधानाची शपथ घेऊन. महिना-दीड महिन्यात बाहेर पडले हे खरं, पण दाइंसारख्या माणसाच्या मनाला जे लागायचं ते लागून गेलं. ती बातमी आली तेव्हा ते माझ्या दुकानात होते. मोबाईल बघून खिशात ठेवला आणि त्या दिवशी पहिल्यांदाच गप्प बसून राहिले. सोनं निघालं, टंच बघितला, पैसे मोजले, गेले.

(राप्रपाचे बरीच वर्षं अध्यक्ष राहिलेले पशुपती शमशेर राणा हे ग्वाल्हेरच्या विजयाराजे शिंदे यांचे जावई. शिंदे घराणं मूळचं आपल्या साताऱ्याच्या कण्हेरखेडचं. हे सांगितलं की इथल्या मराठी मंडळींना फार अप्रूप वाटतं.)

दुसरी गोष्ट आठवणीची. लोक राजा म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे वीरेंद्र असतात. १ जून २००१ ला राजवाड्यात हत्याकांड होऊन वीरेंद्र सहकुटुंब मारले गेले, तेव्हा मला इथे येऊन दोन वर्षं झाली होती. दुसऱ्या दिवसापासून रस्त्याकडेला ओळीने बसून पुरुष मुंडण करून घेत होते, घरातला बाप गेल्यासारखे. तसं दुःख मी पुन्हा पाहिलं नाही. पण परत येणार ते वीरेंद्र नाहीत. येणार त्यांचे धाकटे भाऊ ज्ञानेंद्र, आणि त्यांचीही एक आठवण लोकांकडे आहे. १ फेब्रुवारी २००५, मंगळवार. त्यांनी सरकार बरखास्त करून सगळी सत्ता हातात घेतली आणि देशातले फोन बंद पडले. मंगळवारी मी गावी आईला फोन करायचो. त्या दिवशी रिसीव्हर उचलला तर आतून आवाजच नाही, साधी घरघरसुद्धा नाही. जवळजवळ आठवडा तसाच गेला. तिकडे आईने जेवण सोडलं होतं. इथल्या लोकांचं तर त्याहून जास्त गेलं, पुढारी घरात कोंडले, वर्तमानपत्रांत सैनिक बसले. फेब्रुवारी २००६ मध्ये राजाने पालिकांच्या निवडणुका घेतल्या, पक्षांनी बहिष्कार टाकला आणि मतदान जेमतेम वीस टक्क्यांच्या आसपास झालं. दोन महिन्यांनी १९ दिवसांचं जनआंदोलन उभं राहिलं आणि राजाला संसद परत बोलवावी लागली. हे ज्यांनी पाहिलं त्यांनाही आजचे नेते नकोसे झाले आहेत. तरीही छाप मारायची वेळ आली की तो बंद पडलेला फोन आठवतो.

मधेस, म्हणजे भारताला लागून असलेला सपाट पट्टा, आणि डोंगरातले तामाङ, मगर वगैरे समाज यांचं मत आणखी वेगळं. १९६० ते १९९० च्या पंचायत काळात, म्हणजे पक्षांवर बंदी आणि सत्ता राजाच्या हातात असताना, एक राजा, एक भाषा, एक वेश हेच राज्याचं धोरण होतं. मैथिली किंवा भोजपुरी बोलणाऱ्याला ते आपलं राज्य कधी वाटलंच नाही. काठमांडूची गर्दी बघून देशाचा अंदाज बांधाल तर इथेच चुकाल.

आणि हिंदू राष्ट्राची मागणी व राजाची मागणी एकच समजू नका. गावाकडून फोन आला की प्रत्येक जण हेच गृहीत धरतो. २०२१ च्या जनगणनेत ८१ टक्के लोक हिंदू आहेत. हिंदू राष्ट्र हवं म्हणणारे मला नेपाळी काँग्रेसमध्येही भेटतात आणि एमालेतही, म्हणजे ओलींच्या कम्युनिस्ट पक्षात, पण राजा म्हटलं की ते मान हलवतात. राप्रपा दोन्ही गोष्टी एका गाठोड्यात बांधून विकते, म्हणून त्यातली एकच हवी असलेला माणूस दुसऱ्या दुकानात जातो.

राजावर प्रेम असूनही राजेशाही येत नाही याचं जगातलं सर्वात मोठं उदाहरण बल्गेरियाचं. लहानपणी राजा असलेले सिमेऑन २००१ मध्ये परत आले, एप्रिलमध्ये पक्ष काढला आणि जूनमध्ये २४० पैकी १२० जागा जिंकून पंतप्रधान झाले. चार वर्षं राज्य केलं. राजेशाही मात्र आली नाही. तिथल्या लोकांनी माणूस निवडला, सिंहासन नाही. ज्ञानेंद्र यांनी तर पक्षही काढला नाही आणि निवडणूकही लढवली नाही. म्हणजे मतदाराला त्यांच्या नावावर छाप मारायची संधीच मिळालेली नाही, मधले लोक घेऊन बसतात ते मत.

कायद्याने वाट बंद नाही. संसदेच्या दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात, प्रतिनिधी सभेत ती १८४ होतात. तुम्हीच वजा करा.

९ मार्चला दाइ विमानतळावर गेले होते. रात्री घसा बसलेला, तोंडावर समाधान. "वीस वर्षांनी मोकळेपणाने ओरडलो," म्हणाले. २८ मार्चला काठमांडूतल्या तीनकुनेला राजावाद्यांचा मोर्चा होता, त्याला मात्र मुलाने त्यांना जाऊ दिलं नाही, आणि बरं झालं. त्या दिवशी जाळपोळ झाली, गोळीबार झाला, दोन माणसं गेली, त्यातला एक टीव्हीचा कॅमेरामन जळत्या इमारतीत अडकून मेला. त्यानंतर दाइ राजाबद्दल बोलतात, पण आवाज खाली करून.

गेल्या आठवड्यात कीस घेऊन आले तेव्हा मी विचारलं, आता पुढच्या खेपेला काय? मुशीकडे बघत म्हणाले, "पहिला कागद त्या ताडपत्रीवाल्यालाच. दुसऱ्याचं, लिङ्देन कोणाबरोबर बसतात ते बघून."

मी हे लिहिताना पुढची निवडणूक २०२७ मध्ये अपेक्षित होती. निवडणूक कधीही होवो, निकालाच्या वेळी टीव्हीवर कोण कुठून जिंकलं हेच दाखवतात. तुम्ही समानुपातिकचा तक्ता उघडा आणि हलोसमोरचा टक्का २०१३ च्या ६.६६ च्या वर गेला का तेवढं बघा.