मेलबर्नमध्ये घेत असलेल्या जुन्या घरावर 'हेरिटेज ओव्हरले' आहे. आता काहीच बदलता येणार नाही का?

येतं, बरंच काही. ओव्हरले हा कौन्सिलच्या (तिथल्या नगरपालिकेच्या) प्लॅनिंग स्कीममधला, म्हणजे जमीन-बांधकामाच्या नियमावलीतला, वारसा जपण्यासाठीचा जादा नियम आहे. पाडकाम, नवं बांधकाम, प्लॉटची विभागणी आणि बाहेरून केलेले बदल यांना परमिट लागतं. आतलं स्वयंपाकघर, बाथरूम बहुतेक वेळा परमिटशिवाय बदलता येतं. मात्र स्कीमच्या परिशिष्टात तुमच्या घरासमोर आतले बदल, बाहेरचा रंग किंवा झाडं यांची नोंद असेल, तर त्यांनाही परवानगी हवी. सही करण्याआधी ते परिशिष्ट वाचाच!

तेच साहित्य, तोच तपशील आणि दिसणं न बदलणारी दुरुस्ती असेल तर परमिट लागत नाही. लोक भीतीपोटी छपरं गळत ठेवतात, याचं फार वाईट वाटतं.

घर व्हिक्टोरिया राज्याच्या 'व्हिक्टोरियन हेरिटेज रजिस्टर'वर, म्हणजे राज्याच्या वारसा-यादीत, असेल तर गोष्ट वेगळी: तिथे २०१७ च्या हेरिटेज कायद्याखाली परवानगीसाठी 'हेरिटेज व्हिक्टोरिया' या राज्य सरकारी कार्यालयाकडे जावं लागतं.

आर्किटेक्टला नकाशे काढायला सांगण्यापूर्वी कौन्सिलच्या हेरिटेज सल्लागाराशी बोला. बऱ्याच कौन्सिलांकडे असा माणूस असतो.