नामशेष, लुप्त आणि 'आपल्या हातून'

नागपूरच्या एका शिक्षिकाताईंचा प्रश्न आला आहे. शाळेच्या प्रदर्शनात गिधाडाच्या चित्राखाली त्यांनी 'नामशेष झालेला पक्षी' असे लिहिले होते. मुख्याध्यापकांनी 'नामशेष' खोडून 'लुप्त' केले. दोघांत बरोबर कोण?

ताई, गिधाडाला 'नामशेष' म्हणता येत नाही. 'लुप्त'ही चपखल नाही, पण त्यातल्या त्यात बरा.

'नामशेष' हा बहुव्रीही समास. ज्याचे नाव तेवढे शेष आहे, तो. दिवंगतांसाठी वापरतो तो 'कीर्तिशेष' याच घडणीचा. जातीतला एकही जीव हयात असताना हा शब्द वापरणे म्हणजे जिवंत माणसाच्या फोटोला हार घालणे. गिधाडे तर आहेत. 2024 साली हरियाणातल्या पिंजोरच्या प्रजनन केंद्रातून काही गिधाडे आपल्या पेंचमध्ये आणि ताडोबात आणली गेली.

'लुप्त'ची गोष्ट वेगळी. पाणिनीने लोपाची व्याख्या 'अदर्शनं लोपः' अशी केली आणि टीकाकारांनी तिच्या आधी 'प्रसक्तस्य' जोडले. जे जिथे असायला हवे, ते तिथे न दिसणे म्हणजे लोप. ते मुळातच उरले आहे की नाही, याबद्दल शब्द काही बोलत नाही. आपल्याकडचा म्हातारा गुराखी 'गिधाडं आता दिसूनच नाही राहिले' म्हणतो, तो हाच अर्थ. (पुण्याकडच्यांना हे 'दिसून राहिले' खटकते. खटको बापडे.)

या फरकाचा उत्तम दाखला म्हणजे रानपिंगळा, एक छोटेसे घुबड. 1884 नंतर शंभराहून अधिक वर्षे त्याची खात्रीची नोंदच नव्हती. मध्ये 1914 चा म्हणून एक नमुना होता, पण तो रिचर्ड माइनर्ट्झहागेन या इंग्रज अधिकाऱ्याने संग्रहालयातून चोरून खोटी चिठ्ठी लावलेला निघाला. ती लबाडी उघड झाल्यावर जुन्या खऱ्या नोंदींच्या जागी शोध घेतला गेला आणि नोव्हेंबर 1997 मध्ये पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन व सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळ दिसला. पुढे आपल्या मेळघाटातही सापडला. एवढा काळ तो लुप्त होता. नामशेष म्हणून मोकळे झालेले तोंडघशी पडले.

शिवाय 'नामशेष'ला 'कुठून' हे लागतेच. 1952 साली चित्ता नामशेष जाहीर झाला तो भारतातून. इराणात आशियाई चित्ते थोडे का होईना, अजून आहेत.

पण मुख्याध्यापकांनी न खोडलेला शब्द मला जास्त बोचला, तो 'झालेला'. 'होणे' हे क्रियापद फार सोयीचे. पाऊस होतो, उशीर होतो, कर्ता विचारायचे कारण नाही. इथे कर्ता ठाऊक आहे. लंगडणाऱ्या बैलाला डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक टोचायचे, तो दगावला की गावाबाहेर ओढून टाकायचे. त्या मांसातून औषध पोटात गेले की गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होत. शवविच्छेदनात आतड्या-काळजावर युरिक आम्लाचा पांढरा थर दिसे, चुना फासल्यागत. मेलेल्या शंभर गुरांत एकाहून कमी विषारी असले तरी एवढा संहार व्हायला पुरे होते. 1992 ते 2007 या काळात भारतातली पांढऱ्या पुठ्ठ्याची (पुठ्ठा म्हणजे पाठीचा शेपटीकडचा भाग) गिधाडे 99 टक्क्यांहून जास्त घटली. गुरांसाठी या औषधावर बंदी आली 2006 मध्ये.

मग 'संपवली' लिहायचे का? मला ते पटत नाही. त्यात हेतू येतो, आणि बैलाला बरे करू पाहणाऱ्या शेतकऱ्याच्या मनात गिधाड नव्हतेच. अशा वेळी मराठीत 'हातून' आहे. 'माझ्या हातून कप फुटला' म्हणताना आपण हेतू नाकारतो, पण हात कबूल करतो. चित्त्याला मात्र बेलाशक 'संपवला' लिहा. तिथे बंदुका होत्या, शिकारी होत्या.

'विलुप्त'बद्दलही विचारले आहे. शब्द शुद्ध आहे, पण आपल्याकडे तो हिंदी पाट्यांवरून येतो. 'लुप्त' असताना त्याची गरज नाही.

पाटीवर असे लिहा : 'पांढऱ्या पुठ्ठ्याचे गिधाड. अतिसंकटग्रस्त. गुरांच्या औषधामुळे माणसाच्या हातून जवळजवळ संपले.' 'अतिसंकटग्रस्त' मुलांना जड वाटत असेल तर 'अत्यंत दुर्मीळ' चालेल. त्यातला 'मी' दीर्घ.